धूळ पुसलेली गाडी

“पहिला नंबर आला, वस्ताद, आणि तुम्ही पेढा नुसता हातात धरून बसलाय?”

रणधीरनं विचारलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

हुसेन वस्ताद लोखंडी खुर्चीवर बसले होते. पेढा तळहातावर. खाल्ला नव्हता, परत ठेवलाही नव्हता. कोल्हापूरबाहेरच्या माळावरच्या ह्या ट्रॅकवर त्यांनी चाळीस वर्षं शर्यतीच्या गाड्या बांधल्या. आता कान गेले होते, खोड गेली नव्हती. रणधीर त्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकला, मग पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला आणि परत येऊन स्वतःची टीम काढून बसला.

आज पात्रता फेरी होती. एक फेरी जीव तोडून मारायची; ज्याचा वेळ कमी, तो उद्याच्या शर्यतीत पुढं उभा. आठ महिने घासून रणधीरनं गाडीचा पुढचा भाग नवा केला होता. नवे ब्रेक, चाकं धरणाऱ्या नव्या दांड्या, सगळं स्वतःच्या डोक्यातलं. मागच्या महिन्यापेक्षा गाडी पाऊण सेकंद लवकर आली. ह्या धंद्यात पाऊण सेकंद म्हणजे डोंगर.

“आकडे तरी बघा की.” त्यानं लॅपटॉप पुढं सरकवला.

वस्ताद आकडे बघेनात. गाडीकडं बघत राहिले. गाडी आरशासारखी लखलखत होती. नाकावर झेंडूचा हार, चाकापाशी फोडलेला नारळ.

“धुतली?”

“फोटोवाले आले होते. पहिली आलेली गाडी घाणेरडी दाखवायची का?”

“ब्रेकची काळी भुकटी... पुढच्या दोन्ही चाकांवर सारखी बसली होती?”

रणधीरनं लखलखत्या चाकांकडं बघितलं. मग म्हणाला, “बघितली नाही.”

“गाडी फेरी मारून आली, सांगायला लागली. तुम्ही तिचं तोंड पुसलंत.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. रणधीरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

“सेन्सर आहेत, वस्ताद. सगळं लिहून येतं.”

“मग मला कशाला बोलावलंस? पेढ्याला?”

ह्याचं उत्तर रणधीरकडं होतं. गाडी चालवणारी केतकी उतरल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. एरवी ही पोरगी जिंकली तरी भांडते, हरली तरी भांडते. आज टायरांच्या ढिगावर बसून होती. गळ्यात हार, उजवा हात हाराखाली.

“तिचे हातमोजे आण,” वस्ताद म्हणाले. “का तेही धुतलेत?”

मोजे सोमवारीच घेतलेले. डावा कोराच्या कोरा. उजव्याची तळव्यावरची शिवण उसवली होती. वस्तादांनी तो उलटा केला. आत लाल ओल होती.

त्यांनी तो तसाच लॅपटॉपवर ठेवला. आकड्यांच्या वर.

“गाडी पहिली आली. पोरगी कितवी आली?”

...

भोंग्यावरून आवाज आला: पाच वाजता गाड्यांना सील लागेल. त्याआधी कुणाला काही बदलायचं असेल तर बदला, पण बदलणारा उद्या शेवटच्या रांगेत.

“केतकी, बोलली का नाहीस तू?”

“बोलणारच होते, दादा. मी हेल्मेट काढलं आणि तुम्ही हार घातलात.”

रणधीर खाली बघायला लागला.

“ब्रेक दाबला की डावीकडं ओढते,” ती म्हणाली. “एक फेरी उजव्या हातानं स्टीअरिंग ओढून धरली. उद्या अठरा आहेत.”

चार पस्तीस.

“पट्टी बांधू,” रणधीर घाईनं म्हणाला. “घट्ट. वर दोन मोजे चढवू. काय वस्ताद?”

वस्तादांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं. त्यांच्या कानांचा भरवसा कुणालाच देता यायचा नाही.

“वस्ताद, आठ महिने खपलोय मी! जुने ब्रेक, जुन्या दांड्या लावल्या तर एकोणीस गाड्या पुढं असतील. एकोणीस!”

...

“काहीतरी बोला.”

म्हातारा पेढ्याकडं बघत होता. उन्हानं पेढा मऊ पडला होता, बोटांना तूप सुटलं होतं.

चार बेचाळीस.

केतकीनं हाराखालचा हात काढला आणि मूठ मिटून बघितली. अर्ध्यावर बोटं थांबली. तिनं मान वळवली, कुणी बघू नये म्हणून. रणधीरनं बघितलं.

तो उठला. गाडीच्या नाकावरचा हार ओढून काढला, बाजूला टाकला आणि ओरडला, “तेरा नंबरचा पाना आणा! जुन्या ब्रेकची पेटी उघडा!”

पंधरा मिनिटं नुसतं लोखंड वाजत होतं. पाचाला दोन मिनिटं असताना शेवटचा नट बसला. सीलवाला अधिकारी आला, आवळलेल्या नटांकडं बघितलं, कागदावर लिहिलं: शेवटची रांग.

रणधीर वस्तादांपुढं फरशीवर बसला. हात काळे, शर्ट काळा.

“पहिला नंबर गेला, वस्ताद. आता तरी सांगा काहीतरी.”

वस्तादांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश चावला. बोटं धोतराला पुसली.

“उद्या गाडी पुसू नका.”