नाक्यावरचा फळा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. ऊन कडक, खाडीवर वारा पडलेला.

“खोटारड्या सर्व्हरशी वागायचं तरी कसं, सर?”

हर्षल भुवडने लॅपटॉप ओटीवर जवळजवळ आपटलाच. त्याला कोडिंग शिकवणारे मुकादम सर भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण खोटारडा?”

“फेरीबोटवाल्यांचा! विचारतो, बोट चालू आहे का? तर मुका! आणि शिव्या कुणाला? मला!”

बोट नसताना जेट्टीपर्यंतची उतरण कुणाची फुकट जाऊ नये, म्हणून हर्षलने वरच्या नाक्यावर विजेचा फळा लावला होता. बोट येत-जात असूनही सकाळपासून त्यावर ‘फेरी बंद’ झळकत होतं. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका उन्हातून माघारी फिरल्या. “मेल्या, आग लागो तुझ्या फळ्याला!” जनाबाय जाता जाता ओरडली. संध्याकाळी सरपंच फळा उतरवणार होते.

“काय लिहिलंयस, वाच.”

“पहिली ओळ, बोट चालू का ते सर्व्हरला विचार. दुसरी ओळ, आलेलं उत्तर फळ्यावर लिही, काही आलं नसेल तर ‘बंद’ लिही. दाखवा चूक!”

“आणि मधे?”

“मधे काय असणार?”

सर हात पुसत उठले. “जेवलास का?”

हर्षलने तोंड उघडलं. तोवर सरांनी आत बायकोला हाक दिलीही होती, “रेहाना, हा जेवून आलाय. भात झाकून ठेव.”

“अहो! मी बोललो तरी का काही? सकाळपासून पोटात नुसता चहा आहे! विचारायचं, आणि समोरच्याने उत्तर द्यायच्या आत स्वतःच ठरवून मोकळं व्हायचं? ही काय रीत झाली, सर?”

सर पुन्हा वाल सोलू लागले.

…

हर्षलची नजर लॅपटॉपकडे गेली. पहिली ओळ विचारत होती, आणि दुसरी उत्तर यायच्या आतच ‘बंद’ लिहून मोकळी होत होती.

“मग थांबू किती? दोन सेकंद? दहा?” तो अजून घुश्शातच होता.

“तू कशाला थांबतोस? उत्तर आल्यावर काय करायचं, ते सांगून ठेव.”

हर्षलने दुसरी ओळ उचलली आणि कॉलबॅक करून पहिलीच्या हवाली केली. उत्तर आलं, की हे कर.

चार वाजून दहा मिनिटांनी फळ्यावर ‘फेरी चालू’ उमटलं. सरपंचांनी आणलेली शिडी परत नेली.

सर भाताच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

“हं… जेवलास का?”