जड होत जाणारी पेटी

एका राज्यात शूलपाल नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याच्या पापाची फळे रयत भोगत होती. नदीपलीकडच्या मांत्रिकाला मारून त्याने रत्नांची पेटी आणली. मरता मरता मांत्रिक म्हणाला, "पेटी माझ्या चितेवर परत येईपर्यंत दर अमावास्येला ओळीने तुझे एकेक गाव दगड होईल." दगड झालेली माणसे पुन्हा हाडामांसाची होतील की नाही, हे मात्र तो सांगून गेला नाही.

राजाला पश्चात्ताप झाला. पण उशिरा, राजांना होतो तसा. पेटी घेतलेली प्रत्येक नाव बुडाली. मग पूल बांधायचे ठरले. तिथली रीत अशी की, पहिला भार जाताना बांधणाऱ्याने कमानीखाली उभे राहायचे. सोमदत्त स्थपतीने नुसत्या अंदाजाने कमान बांधली. ती कोसळली आणि तो गाडला गेला. त्याचा जावई नीलध्वज मोठा गणिती. त्याने दगड अन् दगड हिशेबात धरला. तोही गाडला गेला.

उरली धारिणी, एकाची लेक आणि दुसऱ्याची विधवा.

पडक्या खांबावर एक गिधाड बसे. तिने त्याला विचारले, "पूल कुठे मोडला?"

"दोन्ही वेळा मधोमध," गिधाड म्हणाले. "दोघांनाही मीच खाल्ले. राग मानू नकोस."

राग आला, पण तो तिने गिळला. नवऱ्याचा हिशेब तिने पुन्हा मांडला. दगड सुके फोडून पाहिले, भिजवून फोडून पाहिले. लहान कमान उभारून ती मोडेपर्यंत तिच्यावर भार चढवला. मग मधली कमान जाड धरून पूल बांधला.

अमावास्या आली. त्या दिवशी पाळी पांढरवाडीची, आणि पांढरवाडीत धारिणीची आई. पेटीचा गाडा सपाट वाटेने काठाशी आला. धारिणी कमानीखाली जायला निघाली आणि थबकली. बैलांच्या तोंडाला फेस होता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"हिशेब चुकला?" राजाने विचारले.

"नाही, महाराज."

"दगड कच्चा आहे?"

"नाही."

"मग?"

"सांगता येत नाही. वाड्यावरचा मोठा तराजू मागवा."

"तो यायला उद्या उजाडेल. तुझ्या बापालाही असेच काहीबाही वाटायचे. सूर्यास्ताला तुझी आई दगड होईल, मुली."

"ठाऊक आहे," धारिणी म्हणाली आणि काठावरच बसून राहिली. बांधणारा कमानीखाली उभा राहिल्यावाचून गाडा सोडता येत नव्हता. राजाने दातओठ खाल्ले. सूर्य बुडाला. पांढरवाडीच्या चुलींचा धूर थांबला. धारिणी ओक्साबोक्शी रडली.

तराजू आला. पेटी काठावर तोलली, मागे नेऊन वेशीत तोलली, मग वाड्यात तोलली. प्रत्येक ठिकाणी आधीच्या निम्मेच दगड लागले. नदी जवळ आली की पेटी जड होत होती. बापाने तिचे वजन कधी केलेच नव्हते, नवऱ्याने वाड्यातलेच खरे धरले होते, आणि धारिणीनेही तेच. त्या वाढीवरून तिने मधोमधचा भार काढला. तिचा पूल त्याखाली टिकला नसता.

पूल पुन्हा बांधावा लागला. तोवर आणखी गावे दगड झाली. उरलेले लोक तिला पाहून थुंकत. ती खाली मान घालून कमान जाड करी. मग तिने काढलेल्या भाराइतके दगड पुलावर रचून पाहिले. पूल हलला नाही. तेव्हा कुठे ती कमानीखाली जाऊन उभी राहिली.

बैलांच्या आणखी जोड्या जुंपल्या. गाडा मधोमध आला. सांध्यातली माती तिच्या केसांवर पडली, बैल गुडघ्यावर आले, पुन्हा उठले. कमान तशीच राहिली. पेटी चितेवर पोचली आणि शाप फिटला.

दगडांना घाम फुटला, मग श्वास फुटला. धारिणी धावत पांढरवाडीला गेली. आई उंबऱ्यात उभी होती, अंगावर दगडाची भुकटी.

"आम्ही परत येऊ, हे तुला ठाऊक होतं?"

"नाही, आई."

आईने अंगावरची भुकटी झटकली.

"चूल पेटव," ती म्हणाली. "भूक लागलीय."