मठाच्या कॉम्प्युटरच्या दोन याद्या

“…मग अक्का, अकरा वर्षं साथ दिलेल्याला उचलून भंगारात टाकायचं? हा कुठला न्याय?”

शर्वाणीचा आवाज चढला आणि आपल्याच आवाजाला ती दचकली.

साथ दिली होती ती मठाच्या कॉम्प्युटरनं. हल्ली तो सुरू होईस्तोवर मठ चालवणाऱ्या अक्कांची अर्धी जपमाळ उरकायची. शर्वाणी म्हणे, यातच सुधारणा करू. तिचा गुरुबंधू हेरंब म्हणे, काटकसरीत नवा जोडू. एवढ्यावरून दोघांत आठ दिवस अबोला. तिकडे मठाचं मासिक अडलेलं. आज अक्का ज्याचं मान्य करतील, मासिक त्याच्याकडे. दुसऱ्याची रवानगी भाजी निवडायला.

“तू कितीही रड गं,” हेरंब म्हणाला, “त्याला कळायलाच पाच मिनिटं लागतील.”

“अक्का, बघा ना हा कसा…”

अक्कांनी हात पुढे केला. “याद्या.”

काय काय आणायचं ते दोघांनी लिहून आणलं होतं. अक्कांनी दोन्ही कागद पदराआड नेले, खालीवर केले आणि एक बाहेर काढला.

“मदरबोर्ड नवा. प्रोसेसर नवा. रॅम नवी…”

“बघा!” शर्वाणी उसळली. “काळीजच काढून घेतलंय की! जुन्याचं उरलं काय? नुसता डबा! त्यापेक्षा सरळ म्हणावं, आम्हाला तो नकोच!”

अक्कांनी कागद तिच्याकडे फिरवला.

अक्षर तिचंच होतं.

“ते… नवी रॅम जुन्या बोर्डाला चालेना… मग बोर्ड बदलला, तर प्रोसेसर बसेना…”

हेरंब खो खो हसत सुटला.

अक्कांनी दुसरा कागद त्याच्यापुढे धरला. “वाच बाबा, तुझा नवा.”

“कॅबिनेट… जुनंच. मॉनिटर जुना. कीबोर्ड, माउस जुनेच, चांगले आहेत म्हणून…” त्याचा आवाज बारीक झाला. “बोर्ड, प्रोसेसर, रॅम… तेवढं नवं.”

…

शर्वाणीलाच आधी हसू फुटलं. तिच्या मागोमाग हेरंबाला. आठ दिवसांचं साचलेलं दोघांनी हसून घेतलं. अक्का तेवढ्यात खुंटीवरची पिशवी काढत होत्या.

शर्वाणीनं डोळे पुसले. तरी जिवाला चैन पडेना.

“पण अक्का… शेवटी बरोबर कोण?”

अक्कांनी दोन्ही याद्या पिशवीत टाकून ती तिच्या हातात दिली.

“तुझ्याबरोबर हा. याच्याबरोबर तू. निघा.”