इंजनवाडीचा बिनखांबी जिना

पाहुणे, असे आत या आणि वर बघा. इंजनवाडीच्या कारखान्याच्या या कचेरीला नक्षी नाही, कमान नाही, घुमट नाही. नुसते काँक्रीट, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग काच. मधोमध हा गोल जिना तीन मजले चढतो, पण खाली एकही खांब नाही. तरी तो उभा आहे आणि कचेरीही उभी आहे, त्याची गोष्ट आमच्याकडे अशी सांगतात.

कचेरी बांधणारा साहेब परदेशात शिकलेला. इमारत यंत्रासारखी, कामापुरती असावी, असे त्याचे म्हणणे. जिन्याचे काँक्रीट ओतायचा लाकडी साचा बांधला धोंडाप्पा सुताराने. ज्याने साचा बांधला त्याने टेकू काढताना खाली बसायचे, ही सुतारांची रीत. धोंडाप्पा बसला, शिदोरी सोडून भाकरी खाल्ली. जिना जागचा हलला नाही.

चाळीस वर्षांनी कारखाना बंद पडला. नव्या मालकाने कचेरी पाडायला काढली. वारसा समितीच्या बाई पाहायला आल्या, तेव्हा मालकाचा इंजिनियर म्हणाला, "बाई, यात जपण्यासारखं काय आहे? त्यात हा जिना कधी खाली येईल, नेम नाही."

धोंडाप्पा तेव्हा ऐंशीचा, बायकोला घेऊन तोही तिथे आलेला. पोटच्या पोराला कुणी नावे ठेवावीत, तसे त्याला लागले म्हणे. पण तो वाद घालत बसला नाही. काठी टेकत जिन्याखाली गेला, मांडी घातली आणि बायकोला म्हणाला, "चंपा, भाकरी आण. अन् जुन्या गड्यांना सांग, समदे वर चढा."

"या वयात हौस बघा ह्यांची," चंपाक्का म्हणाली. पण भाकऱ्या घेऊन आली, आणि स्वतःही शेजारी बसली.

शे-सव्वाशे कामगार पायरी-पायरीवर दाटीने उभे राहिले. इंजिनियर दारातच थांबला. बाई मात्र वाकून जिन्याखाली आल्या, म्हाताऱ्याजवळ बसल्या आणि वर बघू लागल्या. काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांच्या रेषा, गाठी, सगळे जसेच्या तसे उमटलेले.

"बाबा, ही नक्षी कुणाची?"

"आंब्याची," धोंडाप्पा म्हणाला. "आम्ही निस्त्या फळ्या ठोकल्या."

चंपाक्काने दिलेला तुकडा खात बाईंनी तिथेच कागदावर लिहिले, म्हणे: कचेरी जपावी, आणि जिन्याला खालून गिलावा करू नये.

आजही कचेरीची डागडुजी झाली, की ठीक असल्याचा दाखला देणाऱ्या इंजिनियरला आम्ही इथे जिन्याखाली जेवायला बसवतो. गाव वर चढते. शेवटचा माणूस उतरेपर्यंत त्याने उठायचे नाही. गेल्या खेपेचा साहेब पहिला घास हातात धरून बराच वेळ वर बघत होता. मग त्याने ठेचा मागून घेतला.