इटलीकर आणि उंबरखळकर

“उद्या दुपारपर्यंत तळ्याच्या पायरीवरचं ते नाव छिन्नीनं उडवा!” नरसोजीराव सरकार गरजले, आणि दरबारातली कबुतरंसुद्धा दचकून उडाली.

पायरीवर कोरलेलं होतं, ‘घडवणारा भिवा उंबरखळकर’. भिवा पाथरवटानं हयात घालवून ते तळं बांधलं आणि शेवटची पायरी बसवून त्याच आठवड्यात तो गेला. त्याच्याच हाताखाली छिन्नी शिकलेली नात हौसा दरबारात उभी होती. तिची जीभ मात्र जागेवर होती.

“आमच्या आजाचं नाव का उडवायचं, सरकार?”

“कारण ते आडनाव आमचं आहे! राजाचं आणि दगडफोड्याचं आडनाव एकच? शोभतं का?”

हे खूळ आलं होतं इटलीहून. सरकारांचा संगमरवरी पुतळा घडवायला वाल्दोरेस्का नावाचा एक शिल्पकार आला होता. मराठी शिकला होता, त्यामुळे फुशारक्याही मराठीतच मारायचा. “सबंध इटलीत आमच्या आडनावाची घरं फक्त चार! वाल्दोरेस्का नावाचं गाव आहे, पण त्या गावातही या आडनावाचं एक माणूस नाही. इतकं दुर्मीळ, इतकं थोर!”

सरकारांच्या पोटात दुखायला लागलं. आपलं आडनावही दुर्मीळ हवं! लगेच उंबरखळ गावात शिपाई गेले आणि परत आले. गावात एकही उंबरखळकर नाही! दरबारी भाट केशवभटांना तेवढंच हवं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सूर्याच्या रथातून पडलेल्या सोन्याच्या उंबरापासून सरकारांचं आडनाव काढून दाखवलं. श्रोत्यांनी माना डोलावल्या. न डोलावून जातात कुठे!

“सोनं कसलं, सरकार,” हौसा म्हणाली. “आडनाव त्या गावावरूनच आलंय. तुमचंही आणि आमचंही.”

“ए पोरी!” केशवभट फिस्कारले. “गावावरून आलं असतं तर गावात सापडलं नसतं का?”

“बिनतोड!” सरकारांनी मांडीवर थाप मारली. “ऐक गं. उंबरखळात राहणारा एक उंबरखळकर उद्या दुपारच्या आत माझ्यापुढे उभा कर. केलास तर तुझ्या आजाचं नाव राहील. नाही तर छिन्नी!”

“आता नसलेला माणूस आणते का घडवून?” वाल्दोरेस्का नाकातून हसला. “दगडाचा आण, मी नाक-डोळे करून देतो!”

हौसा खाली मान घालून निघाली. तेवढ्यात दारात चोपदारानं काठी आपटली. ती केवढ्यानं दचकली! चोपदार कोणाला तरी सांगत होता, “मघाशी आत गेला ना, तो इटलीकर.”

हौसा तिथल्या तिथे थबकली. मग पदर खोचून जी चालत सुटली, ती थेट उंबरखळाच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायला आलं. छिन्नीवाला तळ्यावर जाऊन बसला होता. दरबाराच्या दाराशी हौसा आली, आणि तिच्या मागे धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला एक म्हातारा.

“नाव?” चोपदारानं अडवलं.

“महादू.”

“महादू कोण? आडनावाशिवाय आत वर्दी देत नाही मी.”

“ते कशाला लागतंय? गावात समदे वळखत्यात मला. हिरीवरला महादू!”

“इथे कोण ओळखतंय तुझ्या विहिरीला? कुठून आलास?”

“उंबरखळातनं.”

चोपदारानं काठी आपटली आणि रोजच्या सवयीनं आरोळी ठोकली, “महादू उंबरखळकर हाजिर!”

सरकार गादीवरून अर्धे उठले. केशवभटांच्या हातातली सुपारी निसटली.

“लबाडी!” ते किंचाळले. “हे आडनाव चोपदारानं दिलं! आत्ता, दारात!”

“तेच तर, भटजीबुवा!” हौसा म्हणाली. “गावात कोण कुणाला गावाचं नाव लावतं? तिथे सगळेच उंबरखळचे! आडनाव चिकटतं ते गाव सोडून परक्या दारात उभं राहिल्यावर. सरकारांचे मूळपुरुषही कधीतरी असेच कुठल्यातरी दारात उभे राहिले असतील, आणि कुणीतरी विचारलं असेल, ‘कुठून आलास रे?’ की त्यांना वर्दी द्यायला सूर्य आला होता?”

“मग आमची घरं फक्त चारच का?” वाल्दोरेस्का उसळला.

“चारच जण गाव सोडून निघाले असतील, इटलीकर! यात थोरपण कसलं? खरं सांगा, तुमच्यातलं कोण निघालं होतं?”

शिल्पकार आधी लाल झाला, मग पांढरा. “आजोबा,” तो पुटपुटला. “शेळ्या विकायला शहरात आले होते. लोक म्हणायचे, वाल्दोरेस्काचा शेळीवाला.”

“आणि सरकारांचं घराणं,” महादूनं उत्साहानं तोंड घातलं, “आमच्या गावात समदे सांगत्यात, भोपळं चोरताना घावलं म्हणून...”

“बस, तात्या!” हौसानं त्याचा हात दाबला. तिला वाटलं, संपलं आता सगळं!

नरसोजीरावांच्या मिशा थरथरल्या. आधी खुसखुस आली, मग गडगडाट! हसता हसता त्यांचा फेटा कानावर आला. “भोपळे! आणि हा म्हणतो सोन्याचा उंबर! केशवभट, उद्यापासून उंबरखळात जाऊन राहा. तुम्ही परत आलात की चोपदार आणखी एक उंबरखळकर पुकारेल!”

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसापुढे धरलं. “पायरीवरचं नाव राहील, पोरी. आणि इटलीकर, पुतळ्याखालचं आमचं नाव ही हौसा कोरेल. तुम्ही फक्त छिन्नी धरून द्यायची!”

महादू मात्र दारात घुटमळला. चोपदाराला हळूच म्हणाला, “ते मघाचं आडनाव हितंच ठिवून जाऊ का? गावात न्हेऊन काय करू?”