शाळिग्रामाचं दुसरं शकल

"पण बुवा, मी तयार झालो की नाही, एवढं तरी सांगा!"

घर सोडल्यापासून हेरंबाचं हेच पालुपद चाललं होतं. आज तर त्यानं गंडकीच्या पात्रात, पोटऱ्या बधिर करणाऱ्या पाण्यात उभं राहून विचारलं.

कोळेगावच्या लोकांनी नवा मठ बांधला होता. त्यांना गुरू हवा होता. दाजीबुवा आपल्याच एका शिष्याला तिथं पाठवणार, हे नक्की होतं. हेरंबाचा जीव त्या मठात अडकला होता. उद्या यात्रा परत फिरणार, आणि बुवांच्या तोंडून अजून ब्र नाही.

"आधी शाळिग्राम सापडतो का बघ," काठावर उन्हात पाय पसरून बसलेले बुवा म्हणाले.

हेरंब पोरगा गुणाचा. पाठांतर चोख, वाचन दांडगं, गाण्याचा गळासुद्धा गोड. पण समोरच्याचा प्रश्न पुरा होईल तर शपथ! यात्रेचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या रंगूकाकूंनी नुसतं "हे डोंगर..." म्हणावं, की हा डोंगरांचं वय सांगून मोकळा.

थोड्या वेळानं त्याला एक काळा गुळगुळीत गोटा सापडला. थंडीवाऱ्यानं तो आधीच तडकलेला होता. हेरंबानं अंगठे रोवून जरा जोर लावला, तशी त्याची सरळ दोन शकलं झाली.

काठावर येऊन त्यानं ती उघडून दाखवली. एका शकलावर वळणावळणाचं, पन्हळी पन्हळीचं चक्र वर उठून आलेलं. दुसऱ्यात त्याच चक्राचा खळगा.

"अगंबाई! देव फुटला!" रंगूकाकूंनी कणकेच्या हातानंच तोंड झाकलं.

"शाळिग्राम भंगला तरी पूजेला चालतो, काकू. आणि हा मुळात शंखातला जीव. समुद्रातल्या आठदहा पायांच्या माकुळाच्या भाऊबंदांतला. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्यात पोहायचा. मेला, तळाच्या चिखलात रुतला. चिखलाचा दगड झाला, दगडाचा डोंगर झाला. कुठल्या थरात कुठल्या जातीचा जीव सापडतो, त्यावरून खडक कुठल्या काळातला ते कळतं."

"म्हणजे आपण समुद्राच्या तळाशी बसून रोडगे करतोय म्हण की!"

"तसंच काहीसं."

"आणि हा खळगा रे कसला?"

"त्याचा शंख कधीच विरून गेला असता. भोवतीच्या चिखलानं त्याचा ठसा धरून ठेवला, म्हणून तर आज सगळं कळतं."

बुवा मान डोलावत ऐकत होते. "छान सांगतोस. बरं, एक शकल तुझं, एक माझं. तुला कुठलं..."

वाक्य पुरं व्हायच्या आत वर उठलेल्या चक्राचं शकल हेरंबाच्या मुठीत गेलंही होतं.

मग त्याची त्यालाच लाज वाटली. "बुवा, तुमच्या वाट्याला नुसता खळगाच आला हो..."

"खळगा तर खळगा."

बुवा उठले आणि रंगूकाकूंच्या परातीपाशी जाऊन बसले. खळग्याला बोटभर तूप चोळलं. कणकेचा गोळा घेतला, अंगठ्यानं आत दाबला आणि हलकेच सोडवला.

कणकेवर चक्र उठून आलं होतं. वळणावळणाचं, पन्हळी पन्हळीचं. हुबेहूब!

"अय्या!" रंगूकाकू लहान मुलीसारख्या खिदळल्या. "मला द्या, मला द्या!"

मग काय विचारता! अख्खी यात्रा परातीभोवती जमली. ज्याला त्याला आपल्या हातानं आपला रोडगा उठवायचा होता. निखाऱ्यांवर चक्रंच चक्रं भाजायला लागली. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या त्या जिवाला इतकी लेकरं एकदम कधी झाली नसतील.

हेरंबाला राहवेना. आपल्या शकलावर तर मूळ चक्र आहे, मग आपला रोडगा आणखी देखणा निघायला हवा! त्यानं शकलाला तूप चोळलं, कणकेवर ते चांगलं दाबलं आणि उचललं.

कणकेत खड्डा पडला होता.

त्यानं दुसरा गोळा घेतला, आणखी जोर लावला. आणखी खोल खड्डा.

"हेरंबा, तुझ्या रोडग्याला गाढवानं लाथ मारली का रे?" रंगूकाकू म्हणाल्या. सगळे पोट धरधरून हसले.

हेरंबही हसला. मग हसता हसता थांबला. हातातल्या शकलाकडे बघत राहिला. कोळेगावची माणसं त्याच्या डोळ्यांपुढं आली... ती काही विचारायला तोंड उघडताहेत, आणि हा आधीच बोलतोय.

वारा सुटला, निखारे फुलले. बुवा आपला रोडगा तुपात बुडवून मजेत खात होते.

हेरंब त्यांच्यासमोर जाऊन बसला. या खेपेला त्यानं काहीच विचारलं नाही. वर उठलेलं शकल बुवांच्या पायाशी ठेवलं आणि रिकामी ओंजळ पुढं केली.

बुवांनी त्याच्याकडं बघितलं.

मग खळग्याचं शकल त्याच्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "कोळेगावला हेच घेऊन जा. पण आतलं पीठ रोजच्या रोज खरवडून काढ बाबा, वाळलं की निघत नाही."