रस्त्यावर पडलेला माणूस

"मग खरा माणूस कोणता, भंते? खोलीतला, की रस्त्यावरचा?"

विचारणारे होते डॉ. संकेत रामटेके, मानसशास्त्राचे प्राध्यापक. उत्तर त्यांच्या खिशातच होतं. काही माणसं विहारात येतात ती शाबासकी न्यायला, त्यातलेच हे एक.

भंते धम्मसार चीवर सावरून बसले. "दोन माणसं आहेत का?"

"दोनच म्हणा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना बसवलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी धाडकन पडल्याचा आवाज केला. बहुतेक सगळे धावले! मग तोच प्रयोग बाहेर केला. आपल्या विहाराच्याच रस्त्यावर."

"आमच्या?"

"हो. माझा एक विद्यार्थी रस्त्याच्या कडेला कण्हत पडला. आणि आपल्या उपासिका भोजनदानाचे डबे घेऊन येत होत्या." डॉक्टरांना हसू आवरेना. "करुणेचं प्रवचन ऐकणाऱ्या बाया, भंते! बहुतेक सरळ पुढे गेल्या. म्हणजे खोलीतला चांगुलपणा लबाड. कुणीतरी बघतंय हे ठाऊक असतं म्हणून माणूस धावतो. रस्त्यावर त्याचं पितळ उघडं पडतं."

"वेळ कोणती निवडलीत?"

"बाराला थोडा अवकाश असताना. मुद्दाम."

मुद्दाम म्हणजे काय, ते सगळ्या वस्तीला ठाऊक. भिक्षू बारानंतर जेवत नाहीत. डबा चुकला की दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी. आणि भंतेंना शुगर. मागे एकदा उपाशीपोटी भोवळ येऊन पडले होते, तेव्हापासून बाया घड्याळाकडे बघत स्वयंपाक करतात.

"घाईत माणूस कसा वागतो, तेच तर बघायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कुठे होतात?"

"बाभळीमागे."

"हं…"

भंतेंनीच पुढे विचारलं, "खोलीतल्या मुलांना नंतर सांगितलंत? हे नाटक होतं म्हणून?"

"अर्थात. नियमच आहे तसा. चहा पाजून, समजावून घरी पाठवतो."

"आणि रस्त्यावरच्यांना?"

"तिथे कसं सांगणार? एकीला सांगितलं की गावभर होतं. मग प्रयोग संपला."

"खोलीला दार होतं, डॉक्टर. पोरं आत आली, बाहेर गेली. रस्त्यावरून बाहेर कसं पडायचं?"

डॉक्टर हसले. पण मघासारखं नाही.

"शेवटी एक बाई आली होती," भंते म्हणाले. "हिरवं लुगडं."

"आठवते ना! ती जरा थबकली, वळून बघितलं आणि पुढे गेली. थांबली नाही."

"पंचफुलाबाई मेश्राम. धापा टाकत आली, मला वाढलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि आली तशी पळत सुटली. अनवाणी. मी मागून हाका मारल्या. रस्त्यावर कुणीच नव्हतं म्हणे… तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

डॉक्टरांनी सतरंजीकडे बघितलं.

"तिच्यामागून कुणी येत नव्हतं… म्हणून आवरलं आम्ही. चहा प्यायला गेलो."

"तेव्हापासून ती सरकारी दवाखान्यात विचारत फिरते. रस्त्यातला माणूस मेला की जगला."

कुणीतरी कानफटात द्यावी तसे डॉक्टर बसून राहिले.

तेवढ्यात दारात चपला निघाल्या.

"वंदामि, भंतेजी." पंचफुलाबाई डबा घेऊन आत आल्या. वाळकं शरीर, डोळे जागरणाने लाल. पाहुणा बघून त्यांनी पदर सारखा केला.

भंतेंनी डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टर उठले. "बाई… रस्त्यावर पडलेला तो माणूस…"

"जित्ता हाय का जी?" बाई दोन पावलं पुढे आल्या.

"जिवंत आहे. तो पडलाच नव्हता. माझा विद्यार्थी. नाटक होतं ते. कोण थांबतं, कोण नाही, एवढंच आम्ही…" पुढचे शब्द डॉक्टरांनाच ऐकवेनात.

"जित्ता हाय!" बाईंनी डबा खाली ठेवला. दोन्ही हात बुद्धमूर्तीकडे जोडले. "लय बरं झालं, माय! कोण्या माउलीचा लेक होता, म्हणून जीव जाय माहा."

शिवी आली असती तर डॉक्टरांनी ती आनंदाने घेतली असती. आली नाही.

बाईंनी डबा उघडला. भंतेंना वाढू लागल्या. भात, वरण, वांग्याची भाजी. वाढता वाढता हात थांबला.

"पण मी त पुढंच गेली ना, भंतेजी."

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. "तो खरा नव्हताच."

"तुमच्यासाठी नव्हता, साहेब. मले त खराच दिसला. अन् मी गेली."

भंते जेवू लागले. डॉक्टर त्यांच्याजवळ सरकले. आवाज अगदी खाली गेला होता.

"भंते, मी सगळा प्रयोगच मोडून टाकतो. छापत नाही काही. तिची नोंद काढून टाकतो."

"प्रयोगातून निघेल ती. तिच्यातून काढता येईल?"

"मग मी काय करू? मला तिच्याकडे बघवत नाही, भंते. लाज वाटते."

भंतेंचं जेवण झालं, हात धुऊन झाले.

पंचफुलाबाईंनी उरलेलं अन्न दुसऱ्या ताटात काढलं, ते डॉक्टरांपुढे ठेवलं. "घ्या जी. दुरून आले तुमी. भुकेजले असान."

डॉक्टरांची मान वर होईना. घास हातात घेतला, तो तसाच राहिला. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

भंते हळूच म्हणाले, "जेवा, डॉक्टर. ती बघते आहे."